बाबांचं ऑपरेशन

आमचे बाबा मोतीबिंदूच्या ऑपरेशनले कसे तयार झाले, सांगतो तुमाले. कोणी नाव काढलं की म्हणत, "डोळाच गेला तर?"

मी फायबर केबलची टोकं तपासाचे मायक्रोस्कोप डिझाइन करतो. एकदा बालाघाटले घरी येताना एक संगं आणलता. बाबाले त्याच्या पडद्यावर केबलमधल्या काचेच्या तारेचं टोक दाखवलं. बोटाच्या तेलकट डागानं त्यातला उजेड पार फिक्का दिसत होता. मी टोक पुसलं, तसा तो लख्ख झाला.

"म्हणजे तार चांगलीच होती?"

"हौ बाबा. तुमचा डोळाही चांगलाच हाय."

बाबांनी खुंटीवरची टोपी घेतली. मग म्हणाले, "चाल, डॉक्टरकडे."

पट्टी निघाल्यावर त्यांनी पहिले मलेच पाह्यलं, अन् डोक्यावरून हात फिरवला.

"बाबू, तुये केस कधी पिकले रे?"