इंजिन गार होईपर्यंत

तुम्ही कुणीही समोरच्याचं वाक्य पुरं होऊ देत नाही, हा माझा सरळ आरोप आहे. तुम्हाला सांगतो, इंजिनिअरिंग करून मी मुद्दाम गॅरेजमध्ये लागलो तो एवढ्यासाठी, की गाडीवाल्याला आपल्या गाडीत काय चाललंय ते कळायला नको? तर लोक म्हणतात, "दुरुस्त कर, प्रवचन नको." अहो, ऐकून तर घ्या...

रॉकर आर्म म्हणजे इंजिनाच्या डोक्यावरचा इवलासा सी-सॉ, एक टोक वर ढकललं की दुसरं व्हॉल्व्ह, म्हणजे हवेची झडप, दाबतं. एवढं सांगेपर्यंत आई फोनवर म्हणते, "ते राहू दे, जेवलास का?" खोलीतला जोडीदार तर भिंतीकडे तोंड करून झोपतो. रॉकर तीन तऱ्हांचे असतात इथवर मी आजवर कधी पोचलोच नाही.

मग एका बुधवारी त्या मावशी आल्या. निवृत्त शिक्षिका, एकट्या, जुनी गाडी, इंजिनात टकटक. रॉकर आणि व्हॉल्व्हमधली फट मोजायची तर इंजिन गार हवं, म्हणजे तासभर थांबणं आलं. बाकावर बसत म्हणाल्या, "तोवर सांग की, कशाची टकटक ती." मला काय, तेवढंच हवं होतं. पहिल्या बुधवारी पत्रा दाबून केलेला रॉकर सांगितला, हलका नि स्वस्त. दुसऱ्या बुधवारी ओतीव, जड पण दणकट. तिसऱ्या बुधवारी रोलरचा, टोकाला चाक असलेला, तर मावशी विचारतात, "म्हणजे घासत नाही, गडगडत जातो?" प्रश्न विचारला हो, मला, कुणीतरी...

तेवढ्यात मालक. "तीन बुधवार झाले, बाईंची गाडी टकटकतेच आहे. दुरुस्ती कधी केलीस?"

ऐकून तर घ्या, म्हटलं. पण काय ऐकणार, केलीच नव्हती. बोलण्यात तास सरायचा आणि मावशींना अंधाराच्या आत घर गाठायचं असायचं.

"आज आवाज गेला नाही, तर उद्यापासून येऊ नकोस."

मग काय... झाकण काढलं, फटीत मापाची पट्टी घातली, स्क्रू फिरवले, नट आवळले. वीस मिनिटांचं काम. गाडी सुरू केली, टकटक गायब. इतकं चोख काम केलं, की आपला एकुलता एक श्रोता आपल्याच हातानं दुरुस्त करून घरी पाठवला. किल्ली देत म्हटलं, "मावशी, आता परत यायचं कारण नाही."

मावशी गाडीत बसल्या, मग काच खाली करून म्हणाल्या, "बरं, मग पुढच्या बुधवारी काय बिघडवून आणू?"