समजलं नाही त्याने हात वर करा

आमच्या सरांना आम्हीच खासदार करून दिल्लीला धाडलं, पण त्यांच्यातला विज्ञानाचा मास्तर काही गेला नाही बरं का! वर्गात त्यांचा एकच कायदा होता. समजलं नाही त्याने हात वर करायचा. न समजता मान डोलावली, की बाकावर उभं!

आमच्या कोपरी भागाला नळाचं पाणी हवं होतं, म्हणून सरांनी एका मंत्र्यांना ठाण्यात सभेला आणलं. मंत्री तासभर बोलले. राष्ट्र, प्रगती, योजना, सगळं झालं. फक्त नळ कधी येणार ते सांगितलं नाही. तरी लोकांनी टाळ्या वाजवल्या. तशी सर ताडकन उठले आणि माईकवर म्हणाले, "समजलं नाही त्याने हात वर करा."

अहो, माझा हात आपोआप वर! शेजारचे पोस्टमास्तर, पुढचे वकील, त्यांचेही वर. बघता बघता अख्खं मैदान!

मंत्री हळूच म्हणाले, "हे सगळे तुमच्या पक्षाचे का?"

माईक चालूच होता.

"छे हो," सर म्हणाले, "माझ्या वर्गातले. तुम्ही तारीख सांगा, हात खाली येतील."