शेणाच्या गॅसचं होस्टेल

माह्यं माहेर सावनेरकडचं. बाप कोळशाच्या खाणीत होता, त्यानं बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तवा मी मायचं लुगडं धरून चाले एवढी लहान. लग्न झालं अन् नागपुरात आली, नवरा विद्यापीठाच्या होस्टेलात माळी, मी सैपाकीण. ते होस्टेल कसं होतं सांगतो तुमाले. एक सर होते, त्याइनं ते निराळंच बांधून घेतलं होतं, मातीच्या जाड भिंती, वर कवेलू, एवढा उन्हाळा पण आत पंखा लागे नाई. पोट्ट्याइच्या आंघोळीचं पाणी वांग्याइले जाये, अन् सैपाक गोबरगॅसवर. लोकं हासत, शेणावरचं काहून खाता म्हणत.

शेण आणे गणपत गवळी. रोज सकाळी बैलबंडी रिकामी करे, माह्याजवळ चहा पिये, मले बाई म्हणे. चांगला माणूस होता, खोटं काहून बोलू.

मंग शहरात दंगा झाला, आमच्या लोकाइवर. होस्टेलात जास्त पोट्टे बौद्धाइचेच. भर दुपारी पन्नासेक माणसं फाटक तोडून आली, सळाखी, कुऱ्हाडी, राकेलचे डबे. पोट्टे वर जाऊन दार लावून बसले. नवरा गॅसच्या टाकीपाशी उभा राहिला, हात जोडून म्हणे, बाप्पा, इले आग नका लावू, सारे जळाल, तुमी बी जळाल. त्याच्या डोक्यात सळाख घातली. मी खिडकीतून पाहून राहिली होती. तो बसला, मंग आडवा झाला. मंग ते सैपाकघराच्या दारावर आले, फळी फुटली, एक जण कुऱ्हाड घेऊन वाकून आत आला, अन् माह्यापाशी वरणाचं गंज, मोठं पातेलं, उकळून राहिलं होतं. काय सांगू तुमाले, मी विचार नाई केला. फडक्यानं धरलं अन् त्याच्या तोंडावर ओतलं. तो खाली पडून वरडला, बाई वं, बाई. तवा समजलं, गणपत हाय.

त्याचं वरडणं आयकून बाकीचे पळाले. पोलीस मागून आले.

नवरा तिसऱ्या दिवशी दवाखान्यात मेला. गणपत बी त्याच दवाखान्याच्या वऱ्हांड्यात होता, डोळे बांधलेले. त्याची बायको मले म्हणे, असं काहून केलं वं. मी म्हटलं, त्याच्या हाती कुऱ्हाड कोणं देली, ते विचार त्याले.

तो आंधळाच राहिला. परवा मेला म्हणतात. मी मयतीले नाई गेली. जायाले पायजे होतं का, मले समजत नाई. पोट्टे सारे वाचले, मास्तर झाले, साहेब झाले. सुखी राहो बिचारे.