माता आलेल्या घरातली गोळी

नाही गा रुपराव, पंगतीची नाहीत ही पानं — तुह्या पोरीच्या अंगाखाली टाकाले आणली. चादरीले कातडी चिकटते, सोलून निघते. केळीच्या पानाले नाही चिकटत. सिस्टरबाई धुऊन अंथरून राहिली आत. माह्या परसातलीच आहेत — केळी लागतात भरपूर, पण खाणारं कोण आहे घरी — बरं, ते राहू दे. तू बस.

पोरीले दवाखान्यातून घरी नेतो म्हणून राहिला? काहून? माता आली म्हणून? तुही माय लिंबाचा पाला घेऊन पायरीवर बसली, पाहिलं मी. पण मातेत तोंड असं आतून सोलते काय, डोळे असे चिपकतात काय? ताप होता तवा गोळी देल्ली होती ना — खाली काहून पाहून राहिला गा? देल्लीच असंल. डॉक्टरनं विचारलं तवा मायनं नाही म्हटलं, मग तूही नाही म्हटलं. माता आलेल्या घरात दवाईचं नाव काढत नाहीत, देवी कोपते — मले माहीत आहे. आमच्याही घरी हेच झालं.

नात माही, देवकी. एवढीच होती, तुह्या पोरीएवढी. डॉक्टरनं गोळीचं विचारलं तवा कौशल्यानं, माह्या बायकोनं, सगळ्यांवर डोळे वटारले. सून तेवढी, सुमती, पदर सावरून म्हणाली, "गोळी देल्ली होती जी. तापाची, पांढरी." डॉक्टर म्हणे, बाई, बरं झालं बोलल्या, ही माता नाही, त्या गोळीनंच कातडी सोलली, नि मी तेच औषध लिहून राहिलो होतो. मग ते बंद, सलाईन, डोळ्यात थेंब, ही पानं — वाचली पोरगी. पण कौशल्या सुनेशी बोलली नाही. मरेपर्यंत नाही. सुमती माह्या पोराले नि देवकीले घेऊन उमरेडले गेली, माहेराकडं. राग नाही गा माहा कोणावर. मागं एसटीनं गेलो होतो. दारात देवकी उभी, मोठी झाली आता, डोळे बारीक करून — उजेड सोसत नाही तिले अजून — म्हणे, "कोण पाहिजे जी?" मी पाणी मागतलं. प्यालो, आलो परत.

काय सांगत होतो — हां, तुही माय. रुसंल ती. बोलणारही नाही कदाचित, मी खोटं काहून सांगू. तरी सांग. गोळीचं नाव नाही माहीत? रंग सांग, कोणत्या दुकानातून आणली ते सांग. डॉक्टर निघून राहिला पाहा. ऊठ — जा गा, माह्याजवळ नको बसू.