शेवटच्या कडव्यातलं नाव

मी दुसरबीडचा पिंजारी. बापानं रुई पिंजली, त्याच्या बापानं पिंजली, मीबी तेच केलं. आता मशीन आली तवापासून पिंजण भितीले टांगून हाये. पन तुम्ही त्यासाठी आले नाही, मले मालूम हाये. तुम्ही भिका उस्तादचं इचाराले आले. सारे त्याच्याचसाठी येतात. चहा घ्या, मंग सांगतो, पन गोड काही ऐकाले भेटणार नाही.

आपल्या बोलीत, कपाशीच्या पऱ्हाटीवर, एसटीवर, बाजारातल्या भांडणावर गाणं बांधून इकतारीवर म्हणणारा पयला माणूस तो, हे खरं हाये, खोटं काऊन बोलू. त्याच्या पयले लोकं देवाचं म्हणत, नाही तं सिनेमाचं. देऊळगाव राजाच्या जत्रेत तो उभा राह्यला का बाया भाकरीचं फडकं सोडाचं भुलून जात. आज इकडचे जेवढे गाणारे हायेत ते सारे त्याच्यासारखंच नाकातून म्हणतात. पन माणूस म्हणून लय हलकट.

मी बाविसाव्या वर्षी त्याचा शागीर्द झालो. आमच्यात रिवाज असा, का गाणं शागीर्दानं बांधलं तरी शेवटच्या कडव्यात नाव उस्तादचं. भर बैठकीत उस्ताद शागीर्दाच्या डोक्यावर फेटा बांधते अन् म्हणते आता तुहं नाव टाक, तवाच शागीर्दाचं नाव येते. धा वर्सं मी भिका म्हणे, भिका म्हणे करत राह्यलो. फेट्याचं इचारलं का उस्ताद म्हणे, कच्चा हायेस बे अजून, गाद्या शिव.

मंग माही सकिना गेली. नऊ वर्साची होती, तीन दिवसाच्या तापात गेली. साऱ्या गावाच्या पोरीईच्या लग्नाच्या गाद्या मी भरल्या, अन् तिच्यासाठी एक लहान रजई भरली होती, लाल फुलाची, ती घडी केलेली तशीच राह्यली. त्या रजईवर गाणं बांधलं मी, बांधलं काय, रडत रडत येत गेलं. उस्तादकडे गेलो, पाय धरले, म्हटलं उस्ताद, बाकी सारे गाणे तुमचे, हे एक माह्या नावानं राहू द्या, पोरगी माही हाये. त्यानं पान चघळत ऐकलं अन् म्हणे, रिवाज म्हणजे रिवाज. पुढच्या जत्रेत सोताच म्हटलं त्यानं. भिका म्हणे लेकी, थंडी वाजते का तुले. पब्लिक रडे. लोकं येऊन म्हणत, बाप्पा, केवढं दुःख झेललं तुम्ही, अन् तो मान खाली घालून हाव म्हणे. काय सांगू तुमाले, त्या माणसाले मूलच नव्हतं.

तवा काऊन बोललो नाही म्हणता? मूर्ख होतो. गाण्यातून उस्तादचं नाव काढून टाकलं तं गळा जाते, असं आम्ही मानत होतो. मले फेटा न बांधताच तो मेला.

मंग यंदा गावात त्याचा कार्यक्रम झाला, फोटोले हार, अन् जुना शागीर्द म्हणून मले बोलावलं. मी ठरवूनच गेलो. आठ दिवस घरी घोकलं, माहं नाव टाकून. सकिनाची माय म्हणे, जाऊ द्या ना, म्हातारपणी काऊन तमाशा करता. मी ऐकलं नाही. माईकवर उभा राह्यलो, सारं म्हटलं, रजई आली, लाल फुलं आली, शेवटचं कडवं आलं, अन् माह्या तोंडातून निघालं, भिका म्हणे. सारी उमर तेच म्हटलं होतं, जिभेनंच दगा देला. लोकईनं टाळ्या वाजवल्या. सकिनाची माय पुढच्या रांगेत होती, तिनं पदर तोंडावर ओढून घेतला.

तवापासून म्हटलं नाही. लोकं म्हणतात गेलेल्या माणसाले माफ करावं. त्याचं अल्ला पाहून घेईल, मी नाही करत. तुम्ही लिहून राह्यले ना, तं माहं नाव वर टाकू नका, फोटोबिटो नको. शेवटी टाका, जिथं टाकाची जागा असते तिथं. चांद म्हणे, सकिना माही पोरगी होती.