केरिज यांच्या शेतातली पाच चांदीची नाणी

नाव : श्रीमती एनिड लार्टर, वय ७१ वर्षे, धंदा : पूर्वी शाळेत स्वयंपाकी, आता घरीच, रा. लिटल थॉर्नबी, नॉरफोक.

विचारल्यावरून समक्ष हजर राहून सांगते की, माझे पती क्लिफर्ड, वय ७४, हे एकतीस वर्षांपासून शेतकरी केरिज यांच्या परवानगीने त्यांच्या शेतात धातू लागला की वाजणारे यंत्र फिरवून जुनी नाणी शोधतात. गेली दोन वर्षे हाती भोपळा. "मशीन म्हातारं झालंय गं," म्हणून मार्चमध्ये त्यांनी महागडे नवे यंत्र घेतले. तरीही काही नाही.

दि. ७ एप्रिल रोजी ते चहा पीत बसले असता, त्यांनी नुकत्याच पिंजून काढलेल्या पट्ट्यात मी तेच यंत्र फिरवले. वीस पावलांत तीनदा बारीक टुंग वाजले. यंत्र उत्तम आहे, जुन्यापेक्षा खोलवरचे सांगते. पडद्यावर आकडेही येतात, पण आकडे बघून शोधणे म्हणजे लबाडी, असे म्हणून हे त्यावर चिकटपट्टी लावतात. कानांचा विषय काढला की उठून जातात.

मला त्यांचा पडलेला चेहरा बघवेना. नॉरिचच्या दुकानातून मी पाच जुनी चांदीची नाणी आणली. पावती जोडली आहे. दर शनिवारी एक, फाटकाजवळ, दोनच बोटे खोल पुरले, म्हणजे दणकून वाजावे. दर रविवारी त्यांना एक मिळाले. "एनिड, पाहिलंस? मशीनच पाहिजे होतं!" "हो रे बाबा, तुझंच खरं."

पाचही नाणी त्यांनी स्वतः नेऊन केरिज यांना दाखवली. केरिज म्हणाले, "एकाच कोपऱ्यात पाच? नाण्यांचं मडकं सापडलंय तुला, क्लिफ. बाकीची कुठे दडपलीस?" आणि पोलिसांत तक्रार दिली.

मडके नाही. एकतीस वर्षांत या माणसाने एक बटणसुद्धा लपवलेले नाही. त्यांना चोर म्हणायचे तर केरिज यांनी माझ्या तोंडावर म्हणावे. खटला भरायचा तर माझ्यावर भरा, मी हटणार नाही.

हवालदारांनी विचारले, हे पतीला आधी का सांगितले नाही? त्याचे उत्तर लिहून घेऊ नये.

जबाब मला खड्या आवाजात वाचून दाखवला, तो मी सांगितल्याप्रमाणे बरोबर आहे. वाचताना दार उघडे होते. क्लिफर्ड चार हातांवर बाकावर बसले होते. माझ्याकडे बघून हसले. सही झाल्यावर हे सगळे मीच त्यांना सांगणार आहे. डावा कान अजून थोडा बरा आहे, त्यात सांगेन.

सही : एनिड लार्टर