सूचकाची सही

ठाकूरद्वारला ट्रामच्या रांगेत कांताच्या पुढे कॉलेजातल्या दोन मुली होत्या. एकीच्या हातात विद्यापीठाच्या विद्यार्थी प्रतिनिधीपदासाठीचा अर्ज होता.

“चंपे, सूचक म्हणून तू परुळकरच्याही अर्जावर सही केलीस?”

“मोर्च्यात शेजारी चालत होता गं, मालन. घोषणा देता देता कागद पुढे केला. नाही कसं म्हणू?”

“एका सूचकाची एकच सही धरतात. ज्याचा अर्ज आधी पोचेल, त्याची.”

“मग तुझा पोचव आधी.”

“ट्राम कुठे आहे? पाचला खिडकी बंद होते. दुसरा सूचक आता आणू कुठून?”

“त्यालाही उशीरच होईल. सायकलची हवा गेली होती त्याच्या.”

“होती म्हणजे?”

“मीच पंप आणून दिला.”

“धर माझ्या चपला,” म्हणत मालनने पदर खोचला आणि फोर्टच्या दिशेने धूम ठोकली.